कप्तान दोन होते

टोकरखाडा, सिल्वासा
रविवार, २० फेब्रुवारी १९९४

जया,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. प्रभाकर गुरुजी शाळेच्या कामाने दुधनीला आले होते, तेव्हा त्यांनी ती तुझ्या टेबलावर पाहिली. पाकिटं फोडलेली होती म्हणाले. म्हणजे वाचतेस. सिल्वासा ते दुधनी चाळीस किलोमीटर, दिवसातून दोनदा बस, आणि माझी बहीण अशी गप्प बसलीय जणू आगबोटीने परदेशी गेली.

आज 'सात टापू'चा पस्तिसावा भाग झाला. तुमच्या आश्रमशाळेत टीव्ही नाही हे माहीत आहे, म्हणून सांगतो. काही बघायचं चुकलं नाहीस. जहाज पाचव्या टापूवर पोचलं. मागच्या रविवारी त्याची डोलकाठी मोडली होती. आज ती उभी. कोणी उभी केली, कधी केली, लाकूड कुठून आणलं, काही नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: चूक क्रमांक एकसष्ट. कल्पेश म्हणतो, "अरे यार, कार्टून छे, छोड ने." त्याला मी म्हटलं, फॅक्टरीत तू असं सूत काढलंस तर मी तुझा अख्खा लॉट रिजेक्ट करीन. जपानी माणसं इतकी चांगली मशीनं बनवतात, मग गोष्ट अशी ढिली का बनवतात?

आणि सगळ्यात मोठी चूक तशीच आहे. कप्तान. चौदाव्या भागात कप्तानाने दोर कापून स्वतः समुद्रात उडी घेतली आणि जहाज वाचवलं. आपण तिघे, मी, तू आणि माय, रडलो होतो. माय तर त्या दिवशी दुपारी जेवली नाही. आणि सत्ताविसाव्या भागात तोच कप्तान जिवंत, दाढी वाढवून, आणि आपल्याच पोरांना चाच्यांच्या हाती देतो! मेलेला माणूस परत कसा आला? आणि ज्याने जीव दिला तो दगा कसा देईल? लिहिणारा विसरला, दुसरं काय. मी तेव्हाही हेच म्हणत होतो, आजही म्हणतो.

तू मात्र म्हणालीस, "भाऊ, हा तो नाहीच. हा दुसरा कोणीतरी आहे. तो उजव्या हाताने गाठ मारायचा, हा डाव्या हाताने मारतो." आणि खोलीतले सगळे तुझ्या बाजूने झाले. गुरुजी, कल्पेश, समोरच्या अलकावहिनी, सगळे. मी म्हणालो, चित्र काढणारा चुकला असेल. तू हसलीस. मग मी जे बोललो ते बोललो. तुझी ती गोष्टींची वही सगळ्यांसमोर वाचून दाखवायला नको होती, हे मी मागच्या पत्रातही लिहिलं आहे. पण एवढ्यावरून कोणी घर सोडतं का? रविवारच्या कार्टूनवरून?

माय रोज पत्राचं विचारते, "जयानं काही उनं का?" मी म्हणतो, शाळेत काम खूप असतं तिला.

उत्तर लिही.

वाल्मिक


टोकरखाडा
रविवार, ६ मार्च १९९४

जया,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. "वाळूभाऊंचं काय झालं?" खाली सही पण नाही. मी तुला चार पानं लिहायची आणि तू मला पाच शब्दसुद्धा लिहायचे नाहीत.

वाळूचं काय व्हायचं? तो येतो, पत्रं टाकतो, जातो. तुझं कार्डही त्यानेच आणून दिलं. पोस्टाच्या कामात आपण काय करणार? ते त्यांचं खातं आहे, त्यांचे साहेब आहेत. तू तक्रार केलीस, तू मागे घेतलीस. झालं ना?

मायने कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. तिला वाचता येत नाही हे बरं. विचारलं, "काय लिखं?" मी म्हणालो, खुशाल आहे. वाळूचं नाव काढलं तरी ती चिडते. त्याने तुझं पत्र हरवलं आणि पोरीचं नशीब गेलं, असं तिने मनात पक्कं धरलं आहे. पूर्वी उन्हातून आला की त्याला ओट्यावर बसवून पाणी द्यायची. आता तो दिसला की दार लोटते.

आणि तुला एक विचारतो. जळगावच्या रेडिओ केंद्राचं ते पत्र तुला माझ्या रजिस्टरमध्ये सापडलं, हे खरं. पण ते मी लपवलं असंच कशावरून? मी तिन्ही शिफ्ट करतो. घरी आलो की डोळे मिटतात. वाळूने हातात दिलं, मी रजिस्टरमध्ये ठेवलं, राहून गेलं. माणसाचं राहून जातं. तुझी स्वरचाचणी बारा जानेवारीला होती हे मला काय माहीत? पाकीट बंद होतं.

आजचा भाग वाईटच होता. लिहीत नाही.

वाल्मिक


टोकरखाडा
सोमवार, २८ मार्च १९९४

जया,

दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींनी माझं डोकं फिरलं आहे.

पहिली ही की 'सात टापू' काल संपलं. संपलं म्हणजे बंद झालं. सातवा टापू आलाच नाही. सहाव्या टापूवरून जहाज निघालं, पोरं गाणं म्हणत होती, आणि टीव्हीवरच्या बाईने सांगितलं की पुढच्या रविवारपासून या वेळी दुसरा कार्यक्रम बघा. आम्ही सगळे टीव्हीकडे बघत बसलो. गुरुजी उठून चपला घालायला लागले आणि म्हणाले, "वर्षभर दर रविवारी आलो हो मी. देवळात गेलो असतो तर निदान प्रसाद तरी मिळाला असता." मी चिडून टीव्हीवर हात मारला. आता चित्र वरखाली उड्या मारतं.

दुसरी गोष्ट मोठी आहे. आमच्या फॅक्टरीत जपानहून नवीन मशीनं आली आहेत आणि ती बसवायला एक इंजिनिअर आला आहे. मोरितासाहेब. पन्नाशीचा, बारीक, स्वतः सतरंजीवर झोपून नट आवळतो. त्याच्याबरोबर मुंबईहून एक मुलगी दुभाषी म्हणून आली आहे, अमृता नावाची. तिला जपानी भाषा येते. आठ दिवस मी लांबून बघत होतो. आज जेवणाच्या सुट्टीत राहवलं नाही. कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलाशी गेलो आणि अमृताताईंना म्हणालो, साहेबांना एक विचारायचं आहे. मॅनेजर बाजूला होते. त्यांना वाटलं मशीनबद्दल काहीतरी असेल, त्यांनी मान हलवली.

मी रिजेक्टच्या चिठ्ठीमागे कप्तानाचं चित्र काढलं. टोपी, तुटकी भुवई, लांब कोट. मोरितासाहेब भात खात होते. त्यांनी चित्र पाहिलं आणि घास चमच्यातच राहिला. मग इतक्या मोठ्याने हसले की अख्खं कॅन्टीन वळून बघायला लागलं. अमृताताई म्हणाल्या, "त्यांच्या मुलीच्या लहानपणी हे लागायचं म्हणे. ती याच्या प्रेमात होती."

मॅनेजरांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी थांबलो नाही. विचारलं, हा चौदाव्या भागात मरतो, मग परत कसा येतो?

साहेबांनी दोन बोटं वर केली. मग अमृताताईंशी बरंच बोलले. त्या ऐकत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी सांगितलं ते असं.

कप्तान दोन आहेत. भाऊ आहेत. जुळे. एक मेला तो थोरला. दुसरा आला तो धाकटा. जपानीत दोघांची नावंही वेगळी आहेत. मधे तीन भाग आहेत, त्यात धाकट्याची सगळी हकीकत आहे. थोरल्याने त्याला एका टापूवर एकटं सोडलं होतं आणि तो तिथे बारा वर्षं काढतो. ते तीन भाग आपल्याकडे दाखवलेच नाहीत, आणि हिंदी करणाऱ्यांनी दोघांनाही नुसतं 'कप्तान' म्हटलं.

मी विचारलं, ओळखायचं कसं? साहेबांनी चमचा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

मग त्यांनी विचारलं की इथे कोणाच्या लक्षात आलं का. मी म्हणालो, माझ्या बहिणीच्या. ते म्हणाले, "ते तीन भाग न बघता?" मी हो म्हणालो. त्यांनी ते दोनदा विचारून खात्री केली आणि मग मान खाली घालून काहीतरी बोलले. अमृताताईंनी सांगितलं, "ते म्हणतात, असं बघणारी माणसं कमी असतात. त्यांना सांभाळा."

दुपारी मी सुताचे एकशे वीस कोन तपासले. त्यातले किती चांगले आणि किती वाईट होते, देवाला माहीत.

वाल्मिक


टोकरखाडा
रविवार, ३ एप्रिल १९९४

जया,

आज कोणी आलं नाही. खोली रिकामी होती. माय गहू निवडत होती. ती म्हणाली, "तू तिले पत्र लिखस का टीव्हीन्या गोष्टी लिखस?"

आता खरं लिहितो.

पाकीट मी उघडलं होतं. वाफेवर धरून, चहाच्या भांड्यावर. सोमवारी, सत्तावीस डिसेंबरला, वाळूने माझ्या हातात दिलं. तू नळावर होतीस. तो म्हणालासुद्धा, "जळगावचं आहे, जयाताईला सांगा, रेडिओचं दिसतंय." तुला झाला असता तेवढा आनंद त्यालाच झाला होता. मी पत्र वाचलं. बारा जानेवारी, सकाळी अकरा, स्वतः लिहिलेलं दहा मिनिटांचं वाचन. मग पुन्हा डिंक लावला. तारीख मला माहीत होती.

मी स्वतःला सांगितलं की तुझ्या भल्यासाठी ठेवतो आहे. तू रेडिओला पाठवलेल्या नाटुकल्याची नक्कल मी वाचली होती. त्यात मला अकरा चुका सापडल्या होत्या. म्हातारी पहिल्या पानावर आंधळी आहे आणि तिसऱ्या पानावर चंद्र बघते. मला वाटलं, ते लोक हसतील, माझी बहीण मान खाली घालून परत येईल, त्यापेक्षा न गेलेलं बरं. पण हेही अर्धंच आहे. आदल्याच दिवशी, रविवारी, मी तुझी वही सगळ्यांसमोर वाचून तुझी चेष्टा केली होती, आणि कोणी हसलं नव्हतं. गुरुजी म्हणाले होते, "वाल्मिक, तुला चुका सापडतात. तिला गोष्ट सापडते." ते माझ्या कानात होतं. दुसऱ्या दिवशी तुझं पाकीट आलं. तिसऱ्या दिवशी आलं असतं तर कदाचित दिलंही असतं. माहीत नाही.

पुढचं तर तुला माहीतच आहे, तरी माझ्या हाताने लिहितो. तुझी मैत्रीण सरिता जळगावला चाचणीला गेली. तिथे तुझं नाव पुकारलेलं तिने ऐकलं. तिने तुला कळवलं. तू पोस्टात तक्रार केलीस. वाळूने सांगितलं की पत्र मी वाल्मिकभाऊंच्या हातात दिलं. पोस्टाचा इन्स्पेक्टर आपल्या घरी आला. तू शेजारी उभी होतीस, माय दारात होती. त्याने विचारलं, "मिळालं होतं का तुम्हाला?" मी म्हणालो, नाही. त्याने लिहून घेतलं. मी सही केली. वाल्मिक चिंधा, पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरात.

वाळू तेव्हा अंगणात सायकल धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं.

सहा दिवसांनी तुला ते रजिस्टरमध्ये सापडलं. तू ओरडली नाहीस. मी वाट बघत होतो की तू ओरडशील. तू तक्रार मागे घेतलीस, त्यात "पत्र घरात सापडले" एवढंच लिहिलंस आणि माझं नाव कुठे घातलं नाहीस. मला म्हणालीस, "भाऊ, आता तू जाऊन सांग." आणि दुधनीला गेलीस.

मी गेलो नाही. दोन महिने झाले.

वाल्मिक


टोकरखाडा
रविवार, १७ एप्रिल १९९४

जया,

काल मी तुझ्याकडे येऊन गेलो, तरी पत्र लिहितो आहे, कारण तिथे माझ्या तोंडून काहीच नीट निघालं नाही.

सकाळची बस खानवेलला तासभर थांबली. पुढे घाटात टायर गेलं. पोचलो तेव्हा घाम आणि धूळ, आणि राग पण होता, का ते सांगता येत नाही. तुझ्या शाळेच्या ओसरीपाशी आलो तर तुझा आवाज आला. तू पोरांना गोष्ट सांगत होतीस. जहाज, सात टापू, कप्तान. मी खांबाआड उभा राहिलो.

तू आवाज बदलून चाच्यांचं बोलत होतीस. पोरं गुडघ्यात हनुवट्या घालून बसली होती. मग मागच्या ओळीतली एक मुलगी, लाल रिबीनवाली, उभी राहिली. म्हणाली, "बाई, कप्तानानं उडी मारली, मग जहाज कोनी चालवलं?"

माझ्या मनात आलं, बरोबर पकडलं पोरीने. आता काय करते बघू.

तू कपाळाला हात लावलास. म्हणालीस, "अगं बाई! हे माझ्या ध्यानातच नाही आलं. आता काय करायचं? जहाज तर खडकावर जाणार."

सगळी पोरं एकदम ओरडायला लागली. एक म्हणाला, सुकाणूला दोर बांधला होता. एक म्हणाली, स्वयंपाक करणाऱ्या बाईला येत होतं चालवता, तिचा बा मच्छी धरायचा. तू म्हणालीस, "हे बेस आहे. बाईलाच चालवू दे." आणि गोष्ट तिथून पुढे गेली, टीव्हीवरच्यापेक्षा चांगली.

मी वर्षभरात सदुसष्ट चुका लिहिल्या. एकदाही कोणाला विचारलं नाही की मग काय करायचं.

मधल्या सुट्टीत तू मला पाहिलंस. पाणी दिलंस. मी बसल्या बसल्या म्हणालो, "तू बरोबर होतीस. कप्तान दोन होते."

"पत्रात लिहिलंयस ते," तू म्हणालीस. "मला तेव्हाच माहीत होतं."

"सगळं लिहिलं मी. पाकिटाचं पण."

"वाचलं."

"मग?"

तू पदराने हात पुसत राहिलीस. मग म्हणालीस, "भाऊ, रेडिओवाले मला 'नाही' म्हणाले असते. कदाचित म्हणालेच असते. ती आंधळी म्हातारी चंद्र बघते, ते मला पण नंतर दिसलं. पण ते 'नाही' माझं होतं. मी जळगावला गेले असते, त्या खोलीत उभी राहिले असते आणि माझ्या कानांनी ऐकलं असतं. तू ते माझ्या आधी ऐकून टाकलंस."

मी म्हणालो, चुकलो. तू म्हणालीस, "मला किती वेळा सांगशील? वाळूभाऊंना सांगितलंस का?"

मी म्हणालो, आता जाईन. ऐकायला किती हलकं वाटलं ते, माझं मलाच कळलं. तू आत निघालीस आणि दारातून म्हणालीस, "नऊ वर्षं रोजंदारीवर पत्रं वाटतो तो. यंदा कायम होणार होता. साडेतीनची बस धर, नाहीतर मग सकाळीच आहे."

मी ती धरली. धरणाचं पाणी खिडकीतून बराच वेळ दिसत होतं. मला तुझा इतका राग आला होता, आणि तू एक शब्दही चुकीचा बोलली नव्हतीस.

उद्या सोमवार आहे. पोस्ट दहाला उघडतं.

वाल्मिक


टोकरखाडा
रविवार, २२ मे १९९४

जया,

महिनाभर लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं पूर्ण व्हायचं होतं. आताही चांगलं म्हणून सांगण्यासारखं नाही. जे झालं ते सांगतो.

अठरा एप्रिलला मी पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांना म्हणालो, माझा जबाब खोटा आहे. त्यांनी चष्मा काढला. "खोटा म्हणजे? चुकून?" मला दार उघडून दिल्यासारखं वाटलं. हो म्हणालो असतो तर तेवढ्यावर मिटलं असतं. मी म्हणालो, "नाही. मुद्दाम. पत्र माझ्या हातात मिळालं होतं. मी ते लपवलं आणि साहेबांना खोटं सांगितलं." त्यांनी कागद पुढे केला. "हेच लिहा. जसं बोललात तसं." मी लिहिलं. अक्षर वाईट आलं. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीने तक्रार मागे घेतली होती, पण तुमची सही फायलीत होती ना. त्यावरच वाळूचं कायम होणं अडलं होतं."

वाळू मागच्या टेबलावर पत्रं लावत होता. सगळं ऐकत होता. मी त्याच्याजवळ गेलो. म्हणालो, वाळूभाऊ, माझ्यामुळे झालं. तो पत्रांवर शिक्का मारत राहिला. मग म्हणाला, "मी घरी सांगितलं की मी दिलं होतं पत्र. बायकोनं विश्वास ठेवला. सासऱ्यानं नाही ठेवला. तो म्हणायचा, शिकलेला माणूस सही करून खोटं कशाला बोलेल?" त्याने पुढचं पत्र ओढलं. तो म्हणाला, "जा आता. टपाल निघायचं आहे."

घरी येऊन मायला सांगितलं. सगळं. पाकिटाची वाफ, डिंक, सही. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली, तिने हात लावला नाही. मग म्हणाली, "मी त्या पोराले तीन महिना पानी नई दिधं." बस, एवढंच. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात तांब्या घेऊन ओट्यावर बसून राहिली. वाळू आला. तिने उठून तांब्या पुढे केला. तो प्यायला, सगळा. ती रडायला लागली तर त्यानेच तिला खाली बसवलं. मी आतून बघत होतो, बाहेर जायचा धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी खानवेलला वाळूच्या घरी गेलो. पत्ता गुरुजींनी दिला. त्याचा सासरा अंगणात बसला होता. त्याच्यासमोर उभा राहून सांगितलं की तुमचा जावई खरा आहे आणि मी खोटा. म्हातारा बहिरा आहे. दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. तिसऱ्यांदा वाळूच्या बायकोने त्याच्या कानात सांगितलं. मला कोणी बस म्हणालं नाही.

काल निकाल आला. वाळूच्या नावावरचा ठपका काढला आहे. पण यंदाची जागा मार्चमध्येच दुसऱ्याला देऊन झाली. आता पुढच्या वर्षी. पोस्टमास्तर म्हणाले, त्याचा नंबर पहिला आहे, पण पुढच्या वर्षीचं आज कोण सांगणार. त्याचं एक वर्ष गेलं. तुझंही एक गेलं. मी शोधतो आहे की हे कुठे दुरुस्त करता येतं का. नाही येत.

मोरितासाहेब पुढच्या आठवड्यात परत जातात. अमृताताईंनी विचारलं, सातव्या टापूवर काय होतं ते साहेबांना विचारू का? मी नको म्हणालो. ते तू तुझ्या पोरांना काय सांगितलंस, ते मला जास्त ऐकायचं आहे.

शाळेला सुट्टी लागली तरी तू आली नाहीस. गुरुजी म्हणाले की तू तिथेच राहून लिहिते आहेस. मी या पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मग ते खोडलं. तुला खोडलेलं दिसत असेल.

चालणार नाही, जया. मी रोज वाट बघतो.

वाल्मिक